भरलेले नांगे

“एक पन मेलं नाय, ताई. बगा, आख्ख्या वाफ्यात नांगा म्हनून नाय!” आमच्याकडे रोजावर येणारी बामीबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. घरात नातू जन्मल्याचं सांगावं तशी ती खुलली होती.

मी बांधावर उभी होते. पाठीला प्रवासाची सॅक, पायात गावाकडच्या चपला. वणीहून पोळा करून, रात्रभराचा प्रवास करून आले होते आणि एसटीतून उतरल्यावर खोलीवर न जाता थेट शेतावर आले होते. समोर भाताचे तीन वाफे हिरवेगार उभे होते. कुठंही मोकळी जागा नाही. रोप मेल्यावर ओळीत जी रिकामी जागा पडते तिला नांगा म्हणतात, आणि तिथं खरोखरच एकही नांगा नव्हता.

माझा विश्वासच बसेना. कारण त्या वाफ्यांत नांगे पडणार होते. पडायलाच हवे होते. त्यासाठीच तर सगळा खटाटोप होता.

आमचं संशोधन केंद्र म्हणजे खारेपाटातली खाडीलगतची बारा एकर जमीन, एक पत्र्याची प्रयोगशाळा, धक्का मारल्याशिवाय न हलणारी एक जीप आणि हुद्दार सर. खर्च सरकारचा, म्हणजे तुमचा-आमचा. काम एकच. भरतीचं खारं पाणी शेतात शिरलं तरी तग धरेल असं भात शोधून काढायचं. या पट्ट्यात बांधाला खांड पडली, खाडी आत आली की शेत गेलं म्हणूनच समजायचं. सर चौदा वर्षं त्यामागे होते. खाडीकाठच्या जुन्या, राठ भातांचा चांगल्या भातांशी संकर करत करत त्यांनी एकोणचाळीस वाण उभे केले होते, आणि आता त्यांतला कोणता खरा टिकतो ते ठरायचं होतं. ऑक्टोबरात सर निवृत्त होणार होते. दोन दिवसांनी दिल्लीहून समिती येणार होती. आकडे पटले तर पुढचं काम मंजूर, नाही तर मार्चमध्ये योजना बंद. मग सरांचं बियाणं पाकिटात जाईल, पाकीट शीतगृहात, आणि पुढं त्याला कोण विचारतंय!

मी सरांची संशोधन सहायक, वय वर्षं सत्तावीस. जिभेला हाड नसलेली. वडील पोस्टात, घरात शेती नाही, चिखल पाहिला तो नोकरी लागल्यावर. पण वही ठेवण्यात माझा हात कुणी धरू शकत नव्हतं, आणि त्याचा मला गर्वही होता.

प्रयोग सोपा होता. चाळीस वाण, प्रत्येकाची तीन वाफ्यांत एकेक ओळ, ओळीत वीस चूड. चूड म्हणजे एका जागी लावलेलं रोप. शेतकरी एका चुडात तीन-चार रोपं धरून लावतात, आमच्याकडे मात्र एका चुडात एकच रोप, म्हणजे मोजायला सोपं. नारळी पुनवेच्या उधाणाला उघडीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराची, फळी उचलून आम्ही खाडीचं पाणी आत घेतलं. मीटरवरचा आकडा बघून आमचे पर्यवेक्षक घरतभाऊ म्हणाले होते, “ताई, यात आता मीठ टाकायला नको, नुसतं मासं सोडा न् उकला.” त्यानंतर अठराव्या दिवशी किती मेले आणि किती जगले ते मोजायचं होतं.

आणि नेमकी त्याच्या आधी मी पोळ्याला घरी गेले. चार दिवसांत येते म्हणून सरांकडून रजा घेतली आणि तिकडे तापानं आडवी झाले. नऊ दिवस लागले. घरतभाऊंनी फोनवर विचारलं होतं, “मी मोजून ठेवू का?” तर मी म्हटलं, “अजिबात नको. मी आल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही.” माझी वही दुसऱ्याच्या हातात द्यायला माझा जीव होत नव्हता.

तर त्या सकाळी मी चपला काढल्या, सलवार वर खोचली आणि चिखलात उतरले. पहिल्या ओळीत वीस. दुसरीत वीस. तिसरीत वीस. सात ओळी मोजल्या आणि मला राहवेना. तिथूनच सरांना फोन लावला.

“सर, जगलेत! सगळे जगलेत! तुमचे एकूण एक वाण!”

सर विद्यापीठात कुठल्याशा बैठकीत होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

“बोकडाचं काय?”

बोकड म्हणजे आमचा चाळिसावा वाण. अशा प्रयोगात एक वाण मुद्दाम मरण्यासाठीच लावतात. खारं पाणी लागलं की तो मेलाच पाहिजे. तो मेला तर पाणी पुरेसं खारं होतं हे सिद्ध होतं आणि मग बाकीचे जगले याला काही अर्थ राहतो. बळी जाणारा म्हणून आम्ही त्याला बोकड म्हणायचो.

“बघते, सर,” मी म्हटलं आणि फोन ठेवला.

वाफ्याच्या टोकाला गेले. चाळीस नंबरची पाटी. तिच्यामागं वीस चूड, टवटवीत, वाऱ्यावर डुलत होते. दुसऱ्या वाफ्यात वीस. तिसऱ्यात वीस.

“बामीबाई,” मी हाक मारली, “हे असं कसं झालं? इथं काहीच मेलं नाही?”

“मेलं ना! लई मेलं,” ती सहज म्हणाली. “तुमी गेल्याव न् चार दिसांनी निम्मा वाफा पिवला पडला. मंग आमी बायांनी नांगं भरलं. तीन दिस पाऊस बी धो धो झाला, खार धुवून गेला. लावलं त्ये सगलं जगलं.”

“भरलं? कुणी सांगितलं भरायला?”

तिचा चेहरा पडला. “तुमीच ना? जाताना बोललाव, बामीबाई, समितीची लोकं यायची हायत, वाफं कसं नीट दिसलं पायजेत, गबालेपना नको. मंग? नांगं तसंच ठेवायचं? आमच्यात नांगा ठेवनारीला आलशी म्हनतात, ताई. सासू घरात घेत नाय.”

बोलले होते. एसटी चुकेल म्हणून पळता पळता बोलले होते. मला म्हणायचं होतं की तण काढा, बांध लिंपा. भाताच्या वाफ्यात नांगा भरणं हे या बायांसाठी श्वास घेण्यासारखं असतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

“रोपं कुठून आणली?”

“राबात उरलेली व्हती ना कोपऱ्यात. त्यातलीच मूठ मूठ उपटली.”

राबात, म्हणजे जिथं रोपं तयार करतो तिथं, चाळीसही वाणांची उरलेली रोपं एकत्र पडली होती. कुठलं रोप कुठं गेलं, देवाला ठाऊक. मी तिथंच बांधावर बसले. चौदा वर्षांच्या कामाची शेवटची परीक्षा, आणि माझ्या दोन वाक्यांनी तिच्यावर पाणी फिरलं होतं.

बामीबाईनं माझ्यासमोर पाण्याचा तांब्या धरला. मी घेतला नाही. तेव्हा तिच्याशी जे वागले त्याची आजही लाज वाटते. “तुम्हाला अक्कल आहे का?” असं मी तिला सगळ्या बायांसमोर म्हणाले. ती माझ्या आईच्या वयाची होती. ती तांब्या घेऊन निघून गेली.

दुपारी घरतभाऊ प्रयोगशाळेत आले. सगळं त्यांच्या कानावर गेलं होतं. माणूस तसा वाईट नव्हता, पण तीस वर्षं सरकारी नोकरी केलेली.

“ताई, एवढं कशाला मनाला लावून घेता? सर उद्या सकाळी येणार. समिती परवा. बोकडाच्या तीन ओळी आहेत ना? उपटून टाका. वहीत लिहा, बोकड मेला, बाकीचे जगले. कोण बघायला आलंय?”

“बाकीचे सगळेच्या सगळे जगले असं कोण मानेल?”

“मग बाकीच्यातले पण थोडे थोडे उपटा. सरांच्या आवडीचे ठेवा. म्हाताऱ्या माणसाच्या चौदा वर्षांचं सोनं होईल. तुमच्या एका सहीसाठी ते मातीत घालायचं का?”

मी त्यांना झापायला हवं होतं. झापलं नाही. चहाचा कप हातात धरून नुसती बसून राहिले, आणि चार वाजता, बाया घरी गेल्यावर, एकटी वाफ्यात उतरले.

होय, उतरले. बोकडाच्या पहिल्या ओळीपाशी वाकले आणि पहिला चूड उपटला. मग दुसरा. मग तिसरा. तिसरा चूड पाण्यात खळबळून बांधावर फेकायला गेले तर तो माझ्या हातात सुटला. त्याची तीन रोपं झाली. वेगवेगळी, प्रत्येकाचं बूड वेगळं, मुळं वेगळी.

आम्ही तर एका चुडात एकच रोप लावलं होतं!

पहिले दोन शोधून आणले, धुतले. त्यांचीही तीन तीन रोपं निघाली. मग मी शेजारच्या ओळीतला एक चूड हळूच चाचपला. चिखलात बोटं घातली, मुळाशी नेली. फुटवे चार होते, पण सगळे एकाच बुडातून निघालेले. त्याच्या पलीकडचा चाचपला. त्यात तीन बुडं, मधे चिखल.

मी तशीच, चिखलानं भरलेली, बामीबाईच्या घराकडे पळत सुटले. केंद्रापासून दहा मिनिटांवर तिची वाडी. ती अंगणात सुकट पसरत बसली होती. मला बघून उठली नाही.

“बामीबाई, नांगे भरताना चुडात किती रोपं घातली?”

“तीन.”

“सगळीकडे तीनच?”

“मंग? आमी एकटं रोप लावीत नाय,” ती सुकटीकडे बघतच म्हणाली. “एकट्यानं कुनी जगतं काय? त्याला सोबत नको? लावनीच्या येलेस तुमी डोक्यावर उभ्या व्हत्याव म्हनून आमी एक एक लावलं. सगल्या बाया चरफडत व्हत्या. मंग तुमी गेल्याव.”

मी तिच्या अंगणात फतकल मारून बसले आणि हसू लागले. हसता हसता रडायला लागले. ती घाबरली.

“काय झालं वो?”

“बामीबाई, हात लावून तुम्हाला सांगता येईल? हा चूड एका रोपाचा, हा तिघांचा, असं?”

तिनं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की पोरीचं डोकं ठिकाणावर आहे ना. “आंधली असली तरी सांगीन.”

“आणि सकाळचं... मी जे बोलले...”

“त्ये राहू दे,” ती म्हणाली. “आदी त्वांड धुवा. चिखल लागलाय.”

दुसऱ्या दिवशी सर जीपमधून उतरले तेव्हा मी तीन उपटलेले चूड वर्तमानपत्रात गुंडाळून दारातच उभी होते. सर उंच, वाकलेले, कधी आवाज न चढवणारे. मी सगळं सांगितलं. पोळा, ताप, नांगे, सरांना पुन्हा न केलेला फोन, घरतभाऊंचं नाव न घेता ती खोट्या नोंदीची कल्पना, आणि उपटणं. एका दमात सांगितलं, कारण थांबले असते तर पुढं बोलता आलं नसतं.

सरांनी वर्तमानपत्र उलगडून ते तीन चूड बघितले.

“किती उपटलेस?”

“तीन.”

“बोकडाचेच?”

“हो, सर.”

“वहीत लिही. कुठल्या ओळीतले, किती, कुणी आणि का.”

“का, तेही लिहू?”

“तेच तर लिहायचं असतं.”

मी वही उघडली. वाफा पहिला, ओळ चाळीस, चूड एक ते तीन, उपटले, व. टेकाडे. ‘कारण’ या रकान्यात पेन टेकवून बराच वेळ बसले. शेवटी लिहिलं, ‘भीतीपोटी’. सरांनी वाचलं, मान हलवली आणि चपला काढून वाफ्याकडे निघाले.

आधी त्यांनी बामीबाईची परीक्षा घेतली. स्वतः दहा चूड निवडले. ती वाकायची, चिखलात हात घालायची आणि सांगायची. मग सर तो चूड उपटून, धुवून बघायचे. दहापैकी दहा बरोबर निघाले. सरांच्या कपाळावरची एक आठी उतरलेली मी पाहिली.

“घरत, सगळ्या पाट्या काढा,” ते म्हणाले. “कुठल्या ओळीत कुठला वाण आहे ते कुणालाच कळता कामा नये. तुलाही नाही, वसुधा. तू नुसते वाफ्याचे आणि ओळीचे आकडे लिहायचे.” कुठल्या ओळीत काय लावलंय त्याचा नकाशा त्यांनी कपाटातून काढला, घडी घालून शर्टच्या खिशात ठेवला आणि खिशाचं बटण लावलं. दर हंगामाला ओळींचा क्रम चिठ्ठ्या टाकून बदललेला असायचा, आणि नऊ दिवसांच्या तापात माझ्या डोक्यातून तो केव्हाच उडाला होता. लक्षात होती ती एकच जागा, टोकाच्या बोकडाची.

बामीबाईनं सात बाया जमवल्या. प्रत्येकीनं एक ओळ धरली. मी बांधावर वही घेऊन बसले आणि सुरू झालं.

“तिघांचा.”

“तिघांचा.”

“एकाचा.”

“तिघांचा.”

दोन हजार चारशे चूड. बाया वाकून पुढं सरकत होत्या, एकीचा आवाज संपायच्या आत दुसरीचा येत होता आणि मी लिहीत होते. बहुतेक ओळींत ‘तिघांचा’च जास्त. म्हणजे जे लावलं ते मेलं होतं आणि दुसरं भरलं होतं. काही ओळींत अर्धे अर्धे. सर माझ्या मागे उभे होते, हात पाठीशी. ‘तिघांचा’ ऐकलं की त्यांचा श्वास मला ऐकू यायचा. सगळीच चौदा वर्षं तिघांची निघणार की काय, असं मला वाटू लागलं.

मग पहिल्या वाफ्याच्या मधोमध धनूबाईच्या ओळीत आवाज बदलला.

“एकाचा. एकाचा. एकाचा. एकाचा.”

धनूबाई स्वतःच थांबली. “अगं बाय, ही कुठली ओल? हितं भरलंच नाय कुनी.”

“थांबू नका, पुढं,” सर म्हणाले.

“एकाचा. एकाचा. तिघांचा. एकाचा.”

विसांपैकी एकोणीस. माझं पेन घसरत होतं. दुसऱ्या वाफ्यात दुपारपर्यंत तसं काहीच झालं नाही. जेवणानंतर, अगदी कडेच्या ओळीत बामीबाईचा आवाज पुन्हा तसाच लागला, एकाचा, एकाचा, एकाचा. अठरा. तिसऱ्या वाफ्यात चार वाजता. एकोणीस.

बाया बांधावर आल्या, हात धुतले. कुणी घरी जाईना. त्यांनाही कळलं होतं की काहीतरी आहे. सरांनी खिशाचं बटण काढलं. बोटांनी निघेना, दोनदा सटकलं. नकाशा उलगडला.

“तीन ओळींचे आकडे सांग.”

“पहिल्या वाफ्यात अठरावी. दुसऱ्यात पहिली. तिसऱ्यात चौतिसावी.”

सरांचं बोट कागदावरून फिरलं. एकदा. मग पुन्हा पहिल्यापासून.

“सत्तावीस,” ते म्हणाले. “सत्तावीस. सत्तावीस.”

तिन्ही ठिकाणी एकच वाण. साठ रोपं लावली होती, त्यांतली छप्पन्न खाऱ्या पाण्यातून जशीच्या तशी बाहेर आली होती. आणि बोकडाच्या साठांपैकी अठ्ठावन्न तिघांचे, दोन एकाचे. म्हणजे पाणी खारं होतं, बोकड रीतसर मेला होता, आणि सत्तावीस नंबर खरा होता.

सर बांधावर बसले, ओल्या चिखलात, इस्त्रीच्या पँटनिशी. चष्मा काढला, शर्टाला पुसला, आणि पुसतच राहिले. “चहा आहे का गं कुणाकडे?” एवढंच म्हणाले. माझ्या छातीवरचा धोंडा तेव्हा उतरला. बायांनी एकदम कालवा केला आणि घरतभाऊ चहा आणायला धावले, न सांगता.

समितीच्या अध्यक्ष कर्णिक मॅडम साठीच्या, बारीक अंगाच्या, कॅनव्हासचे बूट घालून आलेल्या. सोबत दोन सदस्य. सरांनी काहीच लपवलं नाही. नांगे कसे भरले गेले ते आधी सांगितलं, मग आकडे. मॅडम माझी वही पानोपान बघत होत्या. एका पानावर थांबल्या.

“‘भीतीपोटी’ हे कुणी लिहिलंय?”

“मी, मॅडम,” मी म्हटलं.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “पस्तीस वर्षांत पुष्कळ वह्या तपासल्या. या रकान्यात सगळे ‘तांत्रिक कारण’ लिहितात.” वही मिटली. “चला, बाकीचे आकडे बघू या. आता बघावेसे वाटतायत.”

त्यांनी हातातल्या काठीनं वीस चूड दाखवले, वाटेल तिथले. बामीबाईनं सांगितलं, उपटून पाहिलं. वीसपैकी एकोणीस बरोबर. विसाव्याला ती ‘एकाचा’ म्हणाली आणि निघाली दोन रोपं, एकमेकांना चिकटलेली.

बामीबाईनं ती दोन रोपं हातात घेतली आणि तिचा पारा चढला. “हा माजा नाय! हा धनूचा. तीन सांगितली तर ही दोन लावते. चिंगूस मेली!”

मागून धनूबाई ओरडली, “संपत आलीवती वो रोपं!”

कर्णिक मॅडम हसल्या. तोंडावर हात धरून, खांदे हलेपर्यंत हसल्या. मग तिघांनी बाजूला जाऊन दहा मिनिटं बोलणं केलं आणि येऊन सरांना सांगितलं की योजना पुढं चालू राहील, सत्तावीस नंबर पुढच्या हंगामात शेतकऱ्यांच्या स्वतःच्या खारीत, म्हणजे खाडीलगतच्या शेतात, लावून बघायचा, पाच-सहा ठिकाणी. सर निवृत्त झाले तरी त्यांनी सल्लागार म्हणून यावं.

“यायला सांगितलं नसतं तरी आलो असतो,” सर म्हणाले.

“जमिनी मात्र तुम्ही शोधायच्या. खरोखर खारवलेल्या हव्यात.”

“माजी हाय,” बामीबाई म्हणाली.

सगळ्यांनी वळून बघितलं. पाच वर्षं ती आमच्याकडे रोजावर येत होती. तिला स्वतःचं शेत आहे हे मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

“कुठं आहे?” मॅडमनी विचारलं.

“ती काय, बंदिस्तीच्या, त्या मोठ्या बांधाच्या पल्याड. चाला.”

ती पुढं, मागून दिल्लीची मंडळी बूट हातात घेऊन, मागून सर, मी आणि सात बाया. वाटेत ती माझ्या बरोबरीनं चालू लागली आणि हळू आवाजात म्हणाली, “ताई, एक सांगू? तुमी बोललाव म्हनून नाय भरलं आमी नांगं. तुमी नसत्या बोलल्याव तरी मी भरलं असतं.”

“का?”

“बारा वरसं झाली, आमच्या बांधाला खांड गेली. लावनी होऊन पंधरा दिस झालेलं. सकाली उठून बगतंय तर शेतात खाडी. मंग रोज एक एक ओल पिवली पडायची, रोज. आमचे मालक बांधावर बसून बगायचे. मी बी बगलंय. त्या दिवशी तुमच्या वाफ्यात तसंच पिवलं दिसलं, न् मना परत बगवलं नाय.”

दोन दिवस मी स्वतःला खात होते. माझ्या दोन वाक्यांनी घोळ केला, माझ्या तोंडानं. तिनं ते माझ्यावरून उतरवलं आणि स्वतःकडे घेतलं, अगदी सहज. मी चालता चालता तिचा हात धरला.

तिची खार म्हणजे दीडेक एकर मोकळी पडीक जमीन. पांढुरके चट्टे, चिंबोऱ्यांची बिळं, मधूनमधून खाजणातलं, खाडीकाठच्या दलदलीतलं राठ गवत. कर्णिक मॅडम खाली बसल्या, मातीचं ढेकूळ चुरून बघितलं.

“बारा वर्षांत काहीच नाही पिकलं?”

“काय नाय.”

“मग इथंच लावू या. पहिली जागा हीच. हुद्दार, लिहून घ्या.” त्या उठल्या. “बाई, तुमची काही अडचण नाही ना?”

“अडचन नाय. पन एक सांगतंय.” बामीबाईनं पदर खोचला. “तुमी या, मोजा, वहीत लिवा, काय करायचं त्ये करा. पन तुमचं मोजून झालं का जे मेलं असंल त्ये मी भरनार. माज्या शेतात नांगा ठेवायचा नाय.”

दिल्लीचे दोघे सदस्य एकमेकांकडे बघू लागले. असं प्रयोगाच्या नियमात कुठं बसतं, हे त्यांच्या तोंडावर आलेलं मला दिसत होतं. मॅडमनी सरांकडे बघितलं.

सर हसत होते. त्यांना तसं हसताना मी तोवर कधी पाहिलं नव्हतं.

“भरा, बामीबाई,” ते म्हणाले. “तुमचं शेत आहे.”